माइनक्राफ्ट : मित्रांसह वसवलेले जग आणि त्याची राखण

बडोद्याच्या रावपुऱ्यात तांबेकर वाडा उभा आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानाचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकर यांचे हे निवासस्थान. मराठी वाड्याची घडण, लाकूडकाम आणि आतील भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील रंगचित्रे, अशी त्याची ओळख आहे. आज तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. या वाड्याची एक प्रत गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत उभी राहत होती. तिचे कारागीर दोघे: रावपुऱ्यात राहणारा माझ्या मामेभावाचा १२ वर्षांचा मुलगा आणि त्याच्याहून वर्षाने मोठी, फोंड्यात वाढलेली माझी मुलगी. दोघांमध्ये हजारेक किलोमीटरचे अंतर. पण वाडा माइनक्राफ्ट नावाच्या खेळात बांधला जात असल्याने त्या अंतराने काही बिघडत नव्हते.

जूनमध्ये एका सकाळी बडोद्याहून फोन आला. "आत्या, वाडा गेला!" क्षणभर मला खरा वाडाच कोसळला असे वाटले. पावसाळ्याचे दिवस, जुने लाकूड. मन तिकडेच धावले. मग उलगडा झाला. टॅबलेट फार मंद चालतो म्हणून घरातील मोठ्यांपैकी कोणीतरी त्यातील जागा रिकामी केली आणि त्या सफाईत हा खेळही काढून टाकला. खेळ पुन्हा उतरवून घेतला, खाते जसेच्या तसे उघडले, विकत घेतलेले सर्व काही परत मिळाले. वाडा मात्र मिळाला नाही.

ज्यांच्या घरी हा खेळ खेळला जातो, पण त्यात नेमके काय चालते हे ज्यांना ठाऊक नाही, अशा वाचकांसाठी ही माहिती आहे. मुलांनी तो एकट्याने खेळावा की सोबतीने, सोबतीने खेळताना जग कोणाच्या ताब्यात असते आणि ते हातचे जाऊ नये म्हणून काय करावे, हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आपण फक्त "किती वेळ झाला?" एवढेच विचारतो. मीही तेच विचारत होते.

खेळाची घडण

मार्कस पर्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरने मे २००९ मध्ये या खेळाची पहिली, अर्धीकच्ची आवृत्ती लोकांसमोर ठेवली. इन्फिनिमायनर या त्याच वर्षी आलेल्या खेळातील ठोकळे खणण्याची कल्पना त्याने उचलली आणि तिला रात्रीचे भय व जगण्याची निकड जोडली. पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध झाली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने पर्सन यांची मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. ३० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाले. इतका खप दुसऱ्या कोणत्याही एका व्हिडिओ गेमच्या वाट्याला तोवर आला नव्हता.

अशा खेळांना 'सँडबॉक्स' म्हणतात. सँडबॉक्स म्हणजे मुलांसाठी केलेला वाळूचा हौद. हौदात सोडलेल्या मुलाला कोणी "आता जिंक" असे सांगत नाही. ते खणते, रचते, मोडते, पुन्हा रचते. मराठी घरातील त्याची सर्वात जवळची आठवण म्हणजे दिवाळीचा किल्ला. माती कोणाच्या अंगणातील, मावळे कोणाचे, बुरुज कोणी केला आणि रात्री कुत्रे त्यावर नाचले तर दोष कोणाचा, हे सर्व वाद त्यात असतात. गोव्यात नरकासुर करणाऱ्या पोरांनाही हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आठवडाभर गोळा केलेल्या गवतावर, कागदावर, बांबूंवर सगळ्यांचा हक्क असतो आणि ते ठेवायला जागा मात्र एकाच्याच अंगणात मिळते. त्या अंगणाचा मुद्दा पुढे येणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवते.

माइनक्राफ्टचे जग एक मीटर बाजूच्या घनाकृती ठोकळ्यांचे असते. माती, दगड, झाड, वाळू, सगळे ठोकळेच. नवे जग सुरू होताना एक संख्या ठरते. तिला 'सीड', म्हणजे बीज म्हणतात. त्या बीजातून डोंगर, नद्या, गुहा, खनिजे यांची मांडणी गणिताने निघते. तेच बीज त्याच आवृत्तीत पुन्हा दिले, तर तोच डोंगर त्याच जागी पुन्हा उभा राहतो. मध्यबिंदूपासून प्रत्येक दिशेला सुमारे ३ कोटी ठोकळे पसरलेले हे जग एका माणसाच्या पायाखाली कधीच संपत नाही.

पहिली रात्र

खेळण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. 'क्रिएटिव्ह' प्रकारात सर्व ठोकळे अमर्याद मिळतात, उडता येते, मरण नसते. 'सर्व्हायव्हल' प्रकारात खेळाडू रिकाम्या हाताने जगात उतरतो आणि त्याला जगायचे असते. या लेखाचा विषय मुख्यतः दुसरा प्रकार आहे.

खेळातील दिवस-रात्रीचे एक चक्र २० मिनिटांचे असते. उजेड आहे तोवर झाड तोडायचे. लाकडाच्या एका ओंडक्यापासून चार फळ्या होतात. चार फळ्यांचे कामाचे टेबल, दोन फळ्यांच्या चार काठ्या, तीन फळ्या व दोन काठ्यांची लाकडी कुदळ. लाकडी कुदळीने दगड निघतो, दगडी कुदळीने लोखंड, आणि लोखंडी कुदळ हाती आल्याशिवाय हिरा निघत नाही. आठ दगडांची भट्टी, एक कोळसा आणि एका काठीच्या चार मशाली. अंधार पडला की झोंबी आणि सांगाडे बाहेर पडतात. शिवाय 'क्रीपर' नावाचा एक हिरवा, बिनहातांचा प्राणी जवळपास आवाज न करता मागून येतो आणि फुटतो. डुकराची आकृती करताना उंची व लांबीच्या संख्यांची अदलाबदल झाली, त्या चुकीतून हा प्राणी जन्मला. त्याच्या स्फोटात खेळाडूच मरतो असे नाही. त्याने बांधलेली भिंतही उडते. म्हणूनच भिंत बांधण्यापेक्षा सगळीकडे मशाली लावणे हे पहिल्या रात्रीचे खरे शहाणपण मानले जाते, कारण उजेडात हे प्राणी उगवत नाहीत.

खेळाडू मेला की त्याच्याजवळचे सर्व सामान जागच्या जागी विखुरते आणि जवळपास कोणी असल्यास पाच मिनिटांत नाहीसे होते. तो पुन्हा जन्मतो, पण जेथे शेवटचा झोपला त्या बिछान्यापाशी आणि रिकाम्या हाताने. तासाभराची कमाई दूरच्या एखाद्या गुहेत पडलेली असते आणि तेथे धावत पोहोचायचे असते. एकट्याने खेळताना ही धावाधाव केविलवाणी असते. सोबत असली की खेळाचा रंगच पालटतो.

सोबतीचे नियम, खेळाने दिलेले आणि न दिलेले

सर्व्हायव्हल प्रकार मित्रांसह खेळता येऊ लागला २०१० मध्ये, खेळ अजून पूर्ण व्हायचा होता तेव्हा. त्यासाठी वेगळा खेळ रचावा लागला नाही. त्याच जगात एकाऐवजी चौघे उतरले एवढेच. पण चौघे उतरताच कामांची वाटणी सुरू होते. कोणी खाणीत उतरतो, कोणी गहू लावतो आणि मेंढ्या पाळतो, कोणी बांधतो. एखादा नुसता हिंडतो आणि नकाशे करतो, आणि गरज पडली की त्याच्याइतका उपयोगाचा दुसरा कोणी नसतो. आमच्या घरी बडोद्याचा मुलगा बांधणारा होता, कारण वाडा त्याच्या गल्लीतला. माझी मुलगी लाकूड पुरवणारी. तिने पूर्वेकडचे एक अख्खे जंगल तोडले आणि नंतर अपराधी वाटून रोपे लावली, हे मला बरेच उशिरा कळले.

सामायिक खेळात एक नियम असा आहे की ज्याने हा खेळ रचणाऱ्यांविषयी आदर वाटावा. बिछान्यावर झोपले की रात्र सरते. पण जगात एकाहून अधिक जण असतील, तर सर्वांनी झोपल्याशिवाय पहाट होत नाही. तिघे अंथरुणात आणि चौथा खाणीत हिऱ्याच्या मागे, तर तिघांनी वाट पाहायची. हाका मारणे, विनवणे, रागावणे, "दोन मिनिटांत आलो" आणि न येणे; घरात जेवायला बोलावताना जे घडते तेच येथे बिछान्यावरून घडते. किती टक्के खेळाडू झोपले म्हणजे पहाट व्हावी हे जगाचा मालक बदलू शकतो. अनेक गट तो आकडा कमी करतात. आमच्या दोघांनी केला नाही, कारण दोघांतला निम्मा म्हणजे एक, आणि एकट्याच्या झोपेने पहाट झाली तर दुसऱ्याचा रात्रीचा बेत मोडतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

याउलट, बऱ्याच गोष्टींविषयी खेळ काहीच सांगत नाही. पेटीत ठेवलेले सामान कोणाचे? पेटीला कुलूप नसते. मेलेल्या मित्राचे विखुरलेले सामान उचलून आणणे हे उपकार की लूट? शेतातील गहू कोणी काढायचा आणि पुन्हा पेरायचा कोणी? एखाद्याने आठ दिवस न येता नवव्या दिवशी हिऱ्यांचा वाटा मागितला तर? या प्रश्नांची उत्तरे मुलांनाच शोधावी लागतात आणि ती भांडूनच सापडतात. या भांडणांकडे पालक म्हणून आपण खेळाचा बिघाड म्हणून पाहतो. माझ्या मते खेळाचा निम्मा अर्थ तेथेच आहे. कुदळ कशी करायची हे कोणीही पाच मिनिटांत शिकतो. सामायिक पेटी कशी सांभाळायची हे मोठ्यांच्या सोसायट्यांनाही साधलेले नाही.

एक मीटरचा ठोकळा आणि वाड्याचा खांब

खरी वास्तू खेळात बांधणे हा जगभर रुळलेला छंद आहे. मार्च २०२० मध्ये, साथीच्या सुरुवातीच्या दिवसांत, अख्खी पृथ्वी मूळ मापाने बांधण्याचा 'बिल्ड द अर्थ' हा सामूहिक प्रकल्प सुरू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने २०१२ पासून मोजांगबरोबर 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम चालवला. एखाद्या वस्तीतील मैदान किंवा बाग कशी असावी हे तेथील रहिवाशांनी, विशेषतः मुलांनी व स्त्रियांनी, नकाशा वाचता येत नसला तरी ठोकळ्यांतून दाखवावे, ही त्यामागची कल्पना. नैरोबीपासून मुंबईपर्यंत अनेक शहरांत ती वापरली गेली.

रावपुऱ्यात अशा बांधकामासाठी विषयांची वाण नाही. १८९६ मध्ये महाराणी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ उभारलेला घड्याळाचा टॉवर आहे. त्याला रावपुरा टॉवर असेही म्हणतात. टॉवर बांधणे तुलनेने सोपे, कारण तो चौकोनी व उंच आहे आणि ठोकळ्यांना चौकोन मानवतो. वाडा कठीण. खरा लाकडी खांब वीतभर जाडीचा, आणि ठोकळा मीटरभर. मूळ मापाने बांधला तर खांबांमध्ये माणूसच मावत नाही. त्यावर दोन उपाय असतात. एक म्हणजे खांबाच्या जागी कुंपणाचा बारीक दांडा वापरायचा, तो खेळात मिळतो. दुसरा, सगळे माप दुप्पट करायचे. पण लांबी व उंची दुप्पट झाली की भिंतीला लागणारे ठोकळे चौपट होतात आणि तितकेच लाकूड तोडावे लागते. मुलाने वाड्यासमोरील लांबी पावलांनी मोजून आणली. दोघांनी फोनवर तासभर हिशेब केला आणि माप दुप्पट करण्याचे ठरवले. शाळेच्या गणिताच्या वहीत असा हिशेब मी कधी पाहिला नव्हता.

जग कोणाच्या घरी राहते?

आता त्या अंगणाकडे वळू. माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या आहेत आणि त्या एकमेकींच्या जगात शिरत नाहीत. 'जावा' आवृत्ती फक्त संगणकावर चालते. 'बेडरॉक' आवृत्ती मोबाइल, टॅबलेट, कन्सोल आणि विंडोज संगणक या सर्वांवर चालते आणि या भिन्न यंत्रांवरील मुले एकत्र खेळू शकतात. जून २०२२ पासून संगणकासाठी दोन्ही आवृत्त्या एकत्रच विकल्या जातात. मित्रांपैकी एकाजवळ फक्त मोबाइल असेल, तर सर्वांनी बेडरॉक घ्यावी. हा प्रश्न खरेदीपूर्वी न विचारल्याने वाया गेलेले पैसे मी दोन-तीन घरांत पाहिले आहेत.

बेडरॉकमध्ये मित्रांना बोलावणे अगदी सोपे आहे. एकाने आपले जग उघडले की त्याच्या खात्याशी मैत्री असलेल्यांना ते दिसते आणि ते आत येतात. मात्र जग त्या एकाच यंत्रात साठलेले असते. रावपुऱ्यातील टॅबलेट बंद झाला की फोंड्यातील मुलीसाठी वाड्याचे दार बंद. शाळेच्या वेळा वेगळ्या, जेवणाच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे तिच्या वाट्याला दिवसातील जेमतेम तास येत असे. तोही मालकाच्या मर्जीवर. त्याने ती मर्जी कधी मिरवली नाही, पण मिरवता आली असती.

दुसरा मार्ग 'रेल्म्स' या सेवेचा. एकजण ठरावीक मासिक वर्गणी भरतो. जग कंपनीच्या संगणकावर राहते, ते मालक नसतानाही उघडे असते, त्याच्या प्रती आपोआप साठतात आणि आमंत्रितांना वेगळी वर्गणी पडत नाही. मोठ्या वर्गणीच्या प्रकारात मालकाशिवाय एका वेळी आणखी दहा जण खेळू शकतात. तिसरा मार्ग स्वतःचा सर्व्हर चालवण्याचा. त्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, पण ते चालवायला एखादा जाणता मोठा भाऊ किंवा बहीण लागते. चौथा सर्वात जुना आणि माझ्या मते सर्वात आनंदाचा: सगळे एका घरात, एका वाय-फायवर, किंवा कन्सोलचा एकच पडदा वाटून घेऊन. त्यात ओरडलेले थेट ऐकू येते.

आमच्याकडे काय चुकले ते आता सांगता येईल. खेळ विकत घेतल्याची नोंद खात्यावर असते. ती कोणत्याही यंत्रावर परत मिळते. त्यामुळे जगही खात्यावर असते, असा मुलांचा समज होता. माझाही होता. प्रत्यक्षात अँड्रॉइड टॅबलेटवर जग खेळाच्या स्वतःच्या साठ्यात असेल, तर खेळ काढून टाकताच जगही पुसले जाते. ते टाळण्याची सोय खेळातच आहे. जगाच्या मांडणीच्या पानावर, अगदी खाली, ते जग एका फाइलच्या रूपात बाहेर काढण्याचे बटण असते. ती फाइल मित्राला पाठवली, तर त्याच्या यंत्रावर तेच जग उघडते. एका मिनिटाचे काम. सहा आठवड्यांत ते एकदाही झाले नव्हते.

मुलीने जगाचे बीज वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. ते पुन्हा दिले, आणि दोघांनी श्वास रोखून पाहिले. तीच टेकडी आली, तोच ओढा, पूर्वेला तेच जंगल, न तोडलेले. वाड्याच्या जागी गवत होते आणि त्यावर मेंढ्या चरत होत्या. मुलगी त्या रात्री जेवली नाही. "यात रडण्यासारखे काय आहे?" असे घरातील एका ज्येष्ठाने विचारले, मला त्याचे उत्तर सुचले नाही, पण प्रश्न चुकीचा आहे एवढे कळले.

रावपुऱ्याकडून क्षमा आली, फोंड्याकडून अबोला आला. तिचे म्हणणे असे की वाडा दोघांचा होता आणि तो त्याच्या घरी ठेवायला दिला होता. ठेव सांभाळायला नको का? त्याचे म्हणणे, टॅबलेट त्याने पुसला नव्हता. दोघांचेही खरे होते.

मोडणारे

सामायिक जगाला धोका केवळ विस्मरणाचा नसतो. दुसऱ्याने बांधलेले मुद्दाम मोडणे, पेट्या लुटणे, घराखाली सुरुंग लावणे याला या खेळाच्या भाषेत 'ग्रीफिंग' म्हणतात. शब्दशः, दुःख देणे. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी भूमापन संस्थेने अख्खा देश मूळ मापाने माइनक्राफ्टमध्ये उभारून लोकांसाठी खुला केला. स्फोटके बंद केलेली होती. तरी काही खेळाडूंनी स्फोटके भरलेल्या खाणगाड्या वापरल्या, इमारती उडवल्या आणि तेथे अमेरिकेचे झेंडे लावले. एक दार लावले आणि दुसरे उघडे राहिले. दुसऱ्या टोकाला डिसेंबर २०१० पासून चाललेला '२बी२टी' हा सर्व्हर आहे: तेथे नियमच नाहीत आणि जग कधी नव्याने सुरू केले जात नाही. नवा खेळाडू जेथे जन्मतो तो परिसर वर्षानुवर्षांच्या स्फोटांनी ओसाड झाला आहे. तेथे बांधू इच्छिणारे दूरवर जाऊन लपून बांधतात.

मुलांच्या गटासाठी उपाय साधे आहेत. जग केवळ आमंत्रितांसाठी ठेवावे. बेडरॉकमध्ये येणाऱ्याला पाहुणा, सदस्य किंवा चालक असा दर्जा देता येतो. पाहुण्याला हिंडता येते, मोडता येत नाही. मित्राचा मित्र पहिल्या दिवशी पाहुणाच असावा. ज्यावर वाद होतील अशा गोष्टी, म्हणजे सामायिक पेटी, परस्परांवर हल्ला, मरणानंतर सामान राखणे, आधी ठरवाव्यात. शेवटच्या दोहोंसाठी मांडणीत पर्यायही आहेत.

पालकांसाठी

गोव्यात व्हिडिओ गेमची सार्वजनिक चर्चा झाली ती बहुतेक भयाच्या सुरात. फेब्रुवारी २०१९ मध्ये तत्कालीन माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पबजी हा घरोघरी शिरलेला राक्षस असल्याचे म्हटले आणि त्यावर निर्बंध आणणाऱ्या कायद्याची गरज बोलून दाखवली. पुढच्याच महिन्यात गुजरातेत राजकोट पोलिसांनी त्या खेळावर बंदीचा आदेश काढून तो खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने इतर शंभरावर अॅपसह पबजी मोबाइलवर बंदी आणली, ती मात्र माहितीच्या सुरक्षिततेच्या कारणावरून. त्या गदारोळात सगळे खेळ एकाच पोत्यात गेले. ज्यात शेवटी एकच उरतो तो खेळ आणि ज्यात सर्वांनी झोपल्याशिवाय पहाट होत नाही तो खेळ, यांना एकच नियम लावून चालत नाही. वेळेची मर्यादा दोन्हींना हवीच. तिच्याविषयी माझा वाद नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर बंदी घातली आहे. माइनक्राफ्टमध्ये पैज नसते, त्यामुळे तो त्या बंदीत येत नाही. पण बेडरॉक आवृत्तीत 'माइनकॉइन' विकत घेऊन पोशाख व तयार जगे घेता येतात. खरेदीला पालकांची परवानगी लागेल असे खाते ठेवणे इष्ट. मुलाचे खाते मायक्रोसॉफ्टच्या कुटुंबगटात मुलाचे म्हणूनच उघडावे, वय वाढवून नव्हे. मग अनोळखी लोकांशी खेळणे, संदेश पाठवणे यांवर पालकांना नियंत्रण ठेवता येते. सार्वजनिक सर्व्हरवर कोणीही येऊ शकतो. त्रास देणाऱ्या संदेशांची तक्रार करण्याची सोय जुलै २०२२ पासून जावा आवृत्तीतही आली आहे. ती मुलांना दाखवून ठेवावी.

खर्च नको असेल, तर 'लुआंटी' हा मुक्त स्रोत प्रणालीवरील विनामूल्य पर्याय आहे. २०२४ पर्यंत त्याचे नाव माइनटेस्ट होते. साध्या संगणकावरही तो चालतो. थोड्या मोठ्या मुलांत टेरारिया आणि २०२१ मध्ये आलेला व्हॅलहाइम लोकप्रिय आहेत. व्हॅलहाइममध्ये दहा जणांपर्यंत एकत्र खेळता येते, पण त्यात मारामारी अधिक.

दुसरा वाडा

अबोला नऊ दिवस टिकला. चतुर्थीला काय करायचे हे विचारण्यासाठी फोन झाला आणि बोलणे वाड्यावर आले. नवे जग त्याच बीजातून सुरू झाले आहे. मुलीच्या वहीत, बीजाच्या खाली, आता चार ओळींचा करार आहे: दर रविवारी जगाची फाइल बाहेर काढायची, एक प्रत रावपुऱ्यात, एक फोंड्यात, एक आत्याच्या संगणकावर, टॅबलेटला हात लावण्यापूर्वी मोठ्यांनी विचारायचे, आणि जंगल पूर्ण तोडायचे नाही. तिसऱ्या कलमाखाली बडोद्याच्या आजोबांची सही घेतलेली आहे.

वाडा दुसऱ्या मजल्यापर्यंत आला आहे. आता अडले आहे ते भिंतीवरील चित्रांपाशी. खेळात चित्र लावण्याची एक युक्ती आहे: जमिनीवर रंगीत ठोकळ्यांचे चित्र मांडायचे, वरून त्याचा नकाशा काढायचा आणि तो नकाशा चौकटीत घालून भिंतीला टांगायचा. एका नकाशात १२८ गुणिले १२८ ठिपके असतात, आणि सर्वात लहान मापाच्या नकाशात एका ठिपक्याला एक ठोकळा लागतो. म्हणजे एका चित्राला १६,३८४ ठोकळे. दगडाचे रंग मोजके, म्हणून रंगवलेली लोकर हवी. रावपुऱ्याने कृष्णाच्या एका प्रसंगाचा आराखडा चौकटीच्या कागदावर काढून पाठवला आहे. फोंड्याकडे सध्या मेंढ्यांची पैदास चालू आहे.